स्वस्त पेन किट लेथवर चढवण्याआधी कसं पारखावं

पेनाचं किट म्हणजे लाकडी पेन बनवायला लागणारे धातूचे तयार भाग. ते दगा देतं ते बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांत. ठोकळ्याला भोक पाडून झालेलं असतं, पितळी नळी चिकटलेली असते, बुशच्या, म्हणजे ठोकळ्याच्या टोकांना लावायच्या मापाच्या कड्यांच्या, मापापर्यंत कातून पॉलिशही झालेलं असतं. मग शिकंज्यात टिप, म्हणजे पेनाचं पुढचं धातूचं टोक, दाबताना 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि सागाला उभी चीर जाते. समजा किट ८० रुपयांचं होतं. १० घेतली आणि २ अशी गेली, तर उरलेली ८ प्रत्येकी १०० रुपयांना पडली. वाया गेलेलं लाकूड, फिनिश आणि मजुरी यात धरलेलीच नाही.

म्हणून स्वस्त किट घेऊच नये असं नाही. मात्र ते डोळ्यांनी नाही, मापाने पारखावं लागतं. डबी उघडली की सगळीच किटं चकचकीत दिसतात. खरी खोट असते ती एका भागाचं माप दुसऱ्या भागाशी न जुळण्यात.

इथे उदाहरण ७ मिमीच्या स्लिमलाइन बॉलपेनचं घेतलं आहे, कारण शिकणारे बहुधा त्यापासूनच सुरुवात करतात. त्यात दोन पितळी नळ्या, टिप, ट्विस्टची यंत्रणा, मधली रिंग, क्लिप, वरची टोपी आणि रिफिल एवढंच येतं. पहिल्या खेपेला एकाच लॉटची पाच किटं मागवा. त्यातलं एक मारायचं, म्हणजे तपासणीत वाया घालवायचं, आहे हे आधीच ठरवून टाका. तपासायला डिजिटल व्हर्नियर, चुंबक, खोडरबर, बारीक कानस आणि काचेचा एक सपाट तुकडा पुरतो. व्हर्नियरचे जबडे पुसून, बंद करून शून्य करून घ्या. नाहीतर किटाच्या नावाने खडे फोडाल आणि चूक निघेल व्हर्नियरची.

आधी नळी

नळीला चुंबक लावा. चिकटलं तर ती पितळ नाही, वरून मुलामा दिलेलं लोखंड आहे. अशी नळी पावसाळ्यात आतून गंजते, लॉट सरळ परत करा. क्लिपला चुंबक चिकटलं तर घाबरू नका, क्लिप स्प्रिंग स्टीलची असणं चांगलंच. नाशिकच्या तांबट लेनमध्ये वाढलेल्याला पितळ दाखवावं लागत नाही. बाकीच्यांनी मारायच्या किटाच्या टिपवर आतल्या बाजूने कानस फिरवावी. पिवळं दिसलं तर पितळ. राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतकाम, आणि त्याचा दाबून बसवायचा गळा ठिसूळ असतो.

आता मापं. नळीचा बाहेरचा व्यास दोन्ही टोकांना आणि मध्ये, प्रत्येक ठिकाणी नळी पाव वळसा फिरवून दोनदा मोजा. ७ मिमीच्या आसपास हवा, पण आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. एकाच जागी दोन मापांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर नळी चेपलेली किंवा अंडाकृती आहे. लांबी साधारण ५३ मिमी असते. स्वस्त लॉटमध्ये एक नळी दुसरीपेक्षा अर्धा-पाऊण मिमी आखूड निघते आणि त्याचा त्रास पुढे रिफिल बसवताना होतो. कापलेल्या टोकाला आतून बोट फिरवा. बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, लागली तर ती गोल कानशीने आधीच काढा, कारण हीच बर टिप वाकडी बसवते.

शेवटी भंगार लाकडात ७ मिमीच्या ड्रिलने भोक पाडून नळी कोरडीच घालून बघा. बोटाने सरकत गेली, पण खडखडली नाही, की ठीक. घट्ट जात असेल तर चिकटवताना सगळा गोंद तोंडाशीच खरवडला जातो आणि आत नळी कोरडी राहते. कातताना लाकूड सुटतं ते यामुळे. फार सैल असेल तर फेविक्विकच्या भरवशावर राहू नका, अराल्डाइट वापरा.

दाबून बसणारे भाग

प्रेस फिट म्हणजे काय हे अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कुठल्याही फिटरला समजावून सांगावं लागत नाही. भाग भोकापेक्षा केसभर मोठा हवा, तरच तो दाबाने बसतो आणि बसून राहतो. स्वस्त किटात नळी एका ठिकाणची, टिप दुसऱ्या ठिकाणची, आणि तो केसभर कधी शून्य असतो तर कधी दुप्पट.

लाकडात न चिकटवलेली मोकळी नळी एका हातात धरा. टिपचा गळा तिच्या तोंडावर सरळ टेकवून फक्त अंगठ्याने दाबा. चांगल्या किटात गळ्याची कड, म्हणजे मिलिमीटरभर भाग, आत जाऊन अडते. नळी उलटी केली तरी टिप पडत नाही, पण ओढली की निघते. पूर्ण गळा अंगठ्यानेच आत गेला तर ती टिप महिनाभरात गिऱ्हाइकाच्या खिशात सुटणार. कडसुद्धा आत शिरत नसेल तर जोर लावू नका. मारायच्या किटाची टिप शिकंज्यात दाबा आणि नळीचं तोंड दाबण्याआधी व नंतर मोजा. नळीची भिंत अर्ध्या मिमीपेक्षाही पातळ असते, त्यामुळे ती फुगते. ०.१ मिमी फुगली तरी वरचं पातळ कातलेलं लाकूड तडकायला तेवढं पुरतं. हीच परीक्षा यंत्रणेची आणि वरच्या टोपीचीही घ्या. पाचपैकी तीन-चार किटांत सारखा अनुभव आला तर लॉट भरवशाचा. प्रत्येक किट वेगळं वागलं तर तो लॉट फुकट मिळाला तरी नको.

मग काचेवर टिप आणि टोपी हळूच घरंगळवा. लंगडत चालली तर गोल नाही. टिपचा जो भाग लाकडाला भिडतो तिथला व्यास मोजा आणि बुशच्या व्यासाशी ताडून बघा. बुश ८.४ मिमीचा आणि टिप ८.२ ची, असा फरक स्वस्त मालात सर्रास असतो. अशा वेळी बुशपर्यंत कातलं तर सांध्यावर पायरी राहते. नखाला ती लगेच कळते, आणि पेन हातात घेणारा माणूस नख फिरवतोच. उपाय सोपा आहे. बुश फक्त आधारासाठी ठेवा आणि शेवटचा कात व्हर्नियर लावून टिपच्या खऱ्या मापाला आणा. मात्र त्यासाठी लॉटमधल्या सगळ्या टिप एका मापाच्या हव्यात.

यंत्रणा आणि रिफिल

यंत्रणा हाताने पन्नास वेळा आत-बाहेर फिरवा. वाळूसारखी कचकच, मध्येच घसरणं किंवा शेवटाला न अडणं, यातलं काहीही आढळलं तर ती बाद. रिफिल तिच्यात फिरवून कसा. आटे धरून ती घट्ट बसली पाहिजे आणि लिहिताना आपोआप सैल होता कामा नये. मग टिप रिफिलवर चढवून बाजूला हलवा. टिपच्या भोकात रिफिल हलत असेल तर प्रत्येक अक्षराला कागदावर टिकटिक होते. हा दोष दुरुस्त होत नाही.

स्लिमलाइनमध्ये क्रॉस कंपनीच्या पद्धतीची रिफिल लागते आणि ती गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात सहसा नसते. विकायला पेन करत असाल तर पार्कर पद्धतीची, सुमारे ९८ मिमीची रिफिल घेणारं किट थोडं महाग पडलं तरी बरं. ती रिफिल मेन रोडला सहज मिळते, म्हणून गिऱ्हाईक परत येतं ते दुसरं पेन घ्यायला, तक्रार घेऊन नाही.

यंत्रणा कधीही एका दमात, ठरावीक खुणेपर्यंत दाबू नका. थोडी दाबा, रिफिल लावून फिरवून बघा, मग मिलिमीटरभर आणखी. बाहेर आल्यावर २ ते ३ मिमी टोक दिसावं आणि आत गेल्यावर काहीच दिसू नये. आखूड निघालेली नळी इथेच उघडी पडते. जास्त दाबलेली यंत्रणा धड बाहेर निघत नाही.

मुलामा

सोनेरी किट स्वस्त असेल तर संशय घ्यावाच. एका टिपवर पांढरं खोडरबर जोरात दोनशे वेळा घासा. खाली पांढरट निकेल किंवा पिवळं पितळ दिसायला लागलं तर तो मुलामा हाताच्या घामापुढे टिकणार नाही. दुसऱ्या टिपवर अ‍ॅसिटोनचा कापूस दोन मिनिटं ठेवा. धातूच्या मुलाम्याला काही होत नाही. चमक बुजली किंवा चिकट झाली तर वर नुसता लॅकर मारलेला आहे. तिसरी चाचणी मिठाची: व्हिनेगरमध्ये मीठ घालून त्यात कापूस भिजवा, टिपभोवती गुंडाळून झाकणबंद डबीत एक दिवस ठेवा. हिरवट डाग म्हणजे मुलाम्याला छिद्रं आहेत. क्रोम या सगळ्यात बहुधा तरून जातो, म्हणून कमी पैशांत क्रोमच घ्यावा हे बरं. काळं किट असेल तर तो मुलामा आहे की रंग, हे कानशीच्या टोकाने आतल्या बाजूला ओरखडून बघा. रंग पापुद्र्यासारखा निघतो.

शाईपेनाचं किट असेल तर वेगळं काही फार नाही. आट्यांचे भाग प्लास्टिकचे आहेत की पितळेचे ते बघा, आणि कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या आतल्या नळीत, पाणी भरून टिश्यूवर रात्रभर आडवं ठेवा आणि गळतं का बघा.

दोष किटाचा की आपला?

चीर गेली की आधी नळीच्या आत बघा. आत गोंदाचा थर असेल तर किटाचा दोष नाही. चिकटवण्याआधी नळीच्या तोंडाला मेणाचा किंवा बटाट्याचा बूच लावायला हवा होता. रिंगजवळ एकाच बाजूला फट दिसत असेल तर ठोकळ्याचं टोक नळीशी काटकोनात तासलेलं नाही. ट्रिमरने, म्हणजे टोक तासायच्या हत्याराने, पितळ चमकेपर्यंतच तासावं. त्यापुढे गेलात तर नळी आखूड होते आणि रिफिलचं टोक आत जात नाही, मग शिव्या यंत्रणेला बसतात.

तिसरी गोष्ट लाकडाची. श्रावणात त्र्यंबक-इगतपुरीकडून आणलेला ओलसर तुकडा कातला तर एप्रिलमध्ये लाकूड आकसतं, पितळ आकसत नाही, आणि काही महिन्यांनी चीर पडते. निफाड-दिंडोरीच्या बागेतून काढलेलं द्राक्षाचं जुनं खोड दिसायला देखणं, पण सच्छिद्र. आधी पूर्ण वाळवून, भेगा पातळ फेविक्विकने भरून मगच त्यावर किट वापरा. सागात तेल असतं, म्हणून भोक आतून अ‍ॅसिटोनने पुसा. नळी १५० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा. हे न करता सुटलेल्या नळीचं खापर किटावर फोडता येत नाही.

सैल टिप वाचवता येते. औद्योगिक दुकानात मिळणाऱ्या रिटेनिंग कंपाउंडचा, म्हणजे धातूचे सांधे पक्के करणाऱ्या गोंदाचा, एकच थेंब गळ्याला लावून बसवा. यंत्रणेला मात्र तो लावू नका, आत झिरपला की ती कायमची अडकते. घट्ट टिपचा गळा चकमध्ये धरून ४०० नंबरच्या पेपरने थोडा थोडा उतरवा, प्रत्येक वेळी मोकळ्या नळीत अंगठ्याने तपासत.

लॉट पसंत पडला तर लागतील तेवढी किटं त्याच लॉटमधून एकदम घ्या. पुढच्या खेपेला तोच विक्रेता, तेच नाव, तोच फोटो असतो आणि टिप ०.२ मिमीने बारीक निघते. एक अख्खं किट मापं लिहिलेल्या चिठ्ठीसह डबीत जपून ठेवा. नवा माल आला की पहिली टिप त्या जुन्या नळीत घालून बघायची.