ल्यूटच्या शिबिराआधी गिटारवर करायची तयारी

ल्यूट म्हणजे गिटारसारखं जुनं युरोपीय तंतुवाद्य. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात ल्यूट सोसायटी ऑफ अमेरिकेची उन्हाळी शिबिरं भरत आली आहेत. तशा शिबिराला जायचंय, पण घरी फक्त गिटार आहे? तरी सराव आजच सुरू करता येतो. गिटारची तिसरी तार ‘जी’ (G) या स्वरावरून अर्ध्या स्वराने उतरवून एफ शार्पला आणा आणि तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. झाली रेनेसाँ ल्यूटची जुळणी!

खरा वेळ द्या तो टॅब्लेचर वाचायला, म्हणजे कोणत्या तारेवर कोणता पडदा दाबायचा हे रेघांवर दाखवणारी लिपी. फ्रेंच पद्धतीत अक्षरं असतात: ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा. सर्वांत वरची रेघ सर्वांत उंच स्वराच्या तारेची. इटालियन पद्धतीत आकडे असतात आणि रेघा बरोबर उलट. सुरुवातीला डोकं गरगरतं, पण आधी फ्रेंच पक्की केलीत तर निभावतं. नेहमीच्या स्वरलिपीच्या (स्टाफ नोटेशनच्या) मागे लागू नका, शिबिरात पानं बहुधा टॅब्लेचरचीच समोर येतात.

उजव्या हाताची नखं मात्र कापावी लागतील. ल्यूटच्या जोडतारा बोटांच्या मांसल टोकांनीच छेडतात. क्लासिकल गिटारवाल्यांना हे जड जातं, माहीत आहे. वाद्य सोसायटीकडून भाड्याने मिळतं, पण चौकशी लवकर करा.