दिनविशेष काढायचा कसा? ६ जूनची यादी समोर ठेवून

६ जूनचा दिनविशेष उघडला की बऱ्याच ठिकाणी एक ओळ हमखास भेटते: १८८२, मुंबईत चक्रीवादळ, लाखाहून अधिक माणसं ठार. ही घटना घडलेलीच नाही. त्या वर्षी मुंबईत इंग्रजी-मराठी वर्तमानपत्रं निघत होती, पुण्यात 'केसरी' सुरू झाला होता, कुलाब्याची वेधशाळा हवामानाच्या नोंदी ठेवत होती. शहरातली लाखभर माणसं मेली आणि कुणाच्या लेखणीतून शब्दही निघाला नाही, हे शक्य आहे का? तरी ही ओळ एका यादीतून दुसऱ्या यादीत फिरतेच आहे, कारण दिनविशेष करणारे बहुतेक जण दुसऱ्याचा दिनविशेष उतरवतात.

म्हणून पहिला नियम: तारीख शोधू नका, घटना शोधा. '६ जून' असं टाकून मिळालेल्या याद्या फक्त नावं सुचवण्यापुरत्या वापरा. नाव मिळालं की चरित्र, कोश, त्या काळचं वर्तमानपत्र, सरकारी नोंद यांपैकी दोन ठिकाणी तारीख पाहा. एकाच यादीवरून उतरवलेल्या चार याद्या म्हणजे एकच पुरावा. दर १४ फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्या फाशीचा किंवा शिक्षेचा दिवस म्हणून मजकूर फिरतो, तो याच आळसामुळे. निकाल ७ ऑक्टोबर १९३० चा, फाशी २३ मार्च १९३१ ची. दोन मिनिटांत कळण्यासारखी गोष्ट आहे.

पंधरा-वीस नावं जमली की पुढे जा.

खरी मेख: तारीख कोणत्या कॅलेंडरची?

१९०० नंतरच्या नोंदींना इथे फारसा त्रास नाही. त्याआधीच्या, विशेषतः सतराव्या शतकातल्या नोंदींवर मात्र वेळ खर्चावाच लागतो.

आपण आज वापरतो ते ग्रेगरी कॅलेंडर. पोर्तुगाल, स्पेन आणि इटलीच्या बऱ्याच भागात ते १५८२ च्या ऑक्टोबरात आलं: ४ तारखेनंतर थेट १५. इंग्रजांनी ते १७५२ मध्ये घेतलं, २ सप्टेंबरनंतर १४. मधली पावणेदोनशे वर्षं इंग्रज जुन्या ज्युलियन तारखा लिहीत होते. म्हणजे शिवकाळात एकाच दिवशी गोव्याहून लिहिलेल्या पोर्तुगीज पत्रावर आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या पत्रावर तारखेत दहा दिवसांचा फरक. त्यातून इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागायचं, त्यामुळे त्यांच्या कागदावरचा फेब्रुवारी १६७३ हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६७४. अशा तारखा १६७३/७४ अशाच टिपून ठेवा, नाहीतर आठवड्याने तुम्हालाच आठवणार नाही.

मराठ्यांच्या इतिहासातल्या सतराव्या शतकातल्या प्रचलित तारखा ज्युलियन आहेत. हे न सांगता दिनविशेष छापले जातात आणि मग कुणीतरी पंचांगाच्या ॲपवर ६ जून १६७४ टाकतो, तिथी जुळत नाही, आणि इतिहासकार चुकले असा शोध लावतो. चुकलेलं कुणी नसतं, ॲप ग्रेगरी हिशेब मागे नेत असतं.

हे पकडायचं साधन म्हणजे वार. जुन्या कागदात तिथीबरोबर वार बहुधा असतोच, आणि वारांची साखळी कोणत्याही कॅलेंडरबदलात तुटलेली नाही. ६ जून १६७४ ला ग्रेगरी हिशेबाने बुधवार येतो. राज्याभिषेकाचा वार शनिवार. तीन वारांचा फरक. १९ फेब्रुवारी १६३० ला ग्रेगरी हिशेबाने मंगळवार येतो. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या, शिवकाळातल्या घटनांच्या तिथीवार यादीत) शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. पुन्हा तीनच. दहा दिवस म्हणजे एक आठवडा आणि तीन दिवस, म्हणून सतराव्या शतकातल्या तारखेत वार तीनने पुढे सापडला तर ती ज्युलियन समजा. १७०० च्या फेब्रुवारीनंतर फरक अकरा दिवसांचा होतो, तिथे चार वार. वार जुळला तर तारीख ग्रेगरी. एक किंवा दोनचाच फरक येत असेल तर कॅलेंडरला दोष देऊ नका. कुणाचा तरी हात चुकलाय किंवा पहाटेचा घोटाळा आहे (तो पुढे येतोच). एक्सेलच्या भरवशावर हे करू नका, ते १९०० च्या आधीची तारीख ओळखतच नाही.

शकावरून इसवी सन काढताना ७८ मिळवा, हे शाळेत शिकवलेलं अर्धं आहे. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. पानिपत शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. ७८ मिळवले तर १७६०, आणि ते चूक, कारण तो पौष जानेवारीत होता: १४ जानेवारी १७६१. पौष डिसेंबरातही येऊ शकतो, म्हणून या महिन्याला पाठ केलेलं सूत्र लावू नका, जंत्री (जुन्या वर्षांच्या तिथी आणि तारखा जुळवून देणारं कोष्टक) उघडा. वद्य पक्षात आणखी एक खड्डा आहे. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला फाल्गुन वद्य त्यांच्याकडे चैत्र कृष्ण. राजस्थानी किंवा हिंदी साधनातली तिथी जशीच्या तशी उचलली की पूर्ण महिन्याची चूक. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर सुहूर सन असतो, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवा. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, पानिपतचंच वर्ष.

आणि कृपा करून 'पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं' असं लिहू नका. संक्रांत १४ जानेवारीला खिळवलेली नाही, दर सत्तर वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं आधी ती आणखी दीड दिवस अलीकडे होती. १७६१ मध्ये लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली होती.

आता ६ जूनच्या यादीत काय होतं ते बघा. पुश्किनचा जन्म तिथे असतो. रशियात १९१८ पर्यंत ज्युलियन चालायचं, त्याच्या जन्माची मूळ तारीख २६ मे १७९९, अकरा दिवस मिळवून ६ जून केलेली. राज्याभिषेकाची तारीख मात्र न बदलता ठेवलेली, बदलली तर १६ जून होईल. म्हणजे एकाखाली एक छापलेल्या या दोन ओळी दोन वेगळ्या कॅलेंडरांच्या आहेत. माझं मत स्पष्ट आहे: राज्याभिषेक ६ जूनलाच ठेवा, शिवजन्म १९ फेब्रुवारीलाच. इतिहासाची सगळी पुस्तकं, शासनाचे कार्यक्रम, लोकांच्या आठवणी त्या तारखांना बांधलेल्या आहेत. एकट्याने शिवजन्माला १ मार्च लिहून तुम्ही कुणाचं भलं करणार नाही. पण कंसात तिथी आणि शक द्या, कारण न बदलणारी नोंद तीच आहे. आणि अशा दोन ओळींमध्ये 'योगायोग बघा' म्हणून पूल बांधू नका. २३ एप्रिल १६१६ ही शेक्सपिअरच्या मृत्यूची तारीख इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरची. स्पेनमध्ये त्या दिवशी ३ मे होती. स्पेनचा लेखक सर्व्हांटिस आणि तो एकाच दिवशी गेले, हे वाक्य तेवढ्यावरच कोसळतं.

पहाटेचा घोटाळा

आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. जेधे शकावली राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारी नोंदवते आणि पुढे सांगते की तीन घटी रात्र उरली होती. तीन घटी म्हणजे ७२ मिनिटं. सूर्य उगवायचा होता म्हणून वार शुक्रवार आणि दिवसाची तिथी द्वादशी. प्रत्यक्षात तेव्हा त्रयोदशी लागलेली होती, आणि मध्यरात्र उलटल्यामुळे इंग्रजी तारीख शनिवार, ६ जून. द्वादशी-त्रयोदशीवरून भांडणारे दोघेही एकाच पहाटेबद्दल बोलत असतात.

हाच प्रकार आधुनिक नोंदींत जागतिक वेळेमुळे होतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ चा, पण जगभरच्या भूकंपसूचींत तो २९ सप्टेंबरला सापडतो. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ ला पहाटेचा, सूचीत १०. नियम सरळ ठेवा: जिथे घडलं तिथली तारीख. चंद्राला स्थानिक तारीख नाही, माणसाच्या तिथल्या पहिल्या पावलाला रूढ २० जुलै १९६९ चालवा, फक्त भारतात तेव्हा २१ तारखेची सकाळ होती, ८.२६ वाजले होते, हे ध्यानात असू द्या.

हल्ला आणि मृत्यू यांची गल्लतही याच टप्प्यावर पकडा. रँडवर गोळी झाडली गेली २२ जून १८९७ ला, तो मेला ३ जुलैला.

निवड आणि लेखन

पाच-सहा नोंदी पुरे. वर्षाच्या क्रमाने लावा, एक ओळ एक घटना, ओळीत वर्ष, ठिकाण, काय झालं. विशेषणं नकोत; 'थोर' सहा वेळा आलं की फळ्यावरचा दिनविशेष वाचवत नाही. जन्म आणि मृत्यू वेगळे गट करण्यापेक्षा एकत्र ठेवा, तरच १ ऑगस्ट १९२० सारखी तारीख दिसते: त्याच दिवशी मुंबईत टिळक गेले आणि वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले.

६ जून असा दिसेल:

१६७४: रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक (ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, तारीख ज्युलियन).
१७९९: मॉस्कोत कवी अलेक्झांडर पुश्किनचा जन्म (जुन्या कॅलेंडरने २६ मे).
१९४४: फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं.
१९८१: बिहारमध्ये प्रवासी रेल्वेचे डबे बागमती नदीत कोसळले.

वर्षांची संख्या घालायची असेल तर चालू वर्षातून घटनेचं वर्ष वजा करा. येतात ती पूर्ण झालेली वर्षं. २०२४ मध्ये राज्याभिषेकाला ३५० वर्षं पूर्ण झाली आणि त्याच दिवशी ३५१ वं सुरू झालं. 'पूर्ण' की 'सुरू' हे ओळीत लिहाच, नाहीतर हार घालायला आलेले दोन पाहुणे दोन वेगळे आकडे सांगून जातात.