पंप बदलण्याआधी मीटर लावा

आयटीआय करून पुण्यात गॅरेजला लागणाऱ्या नव्या मुलांनी पेट्रोल गाडीबाबत एक सवय पहिल्यापासून लावून घ्यावी. सेल्फ फिरतोय पण गाडी सुरू होत नाही, एवढ्यावर ‘पंप गेला’ म्हणजे टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा फ्यूएल पंप गेला, असं म्हणायचं नाही. चांगला पंप काढून टाकला की गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

चावी ऑन करून मागच्या सीटजवळ कान द्या. बहुतेक गाड्यांत दोनेक सेकंद घूं असा आवाज येतो. नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला करंट देणारा स्विच), मग पंपाचा कपलर (वायरचा जोड) बघा. व्होल्टेज मोजताना कपलर जोडलेलाच ठेवा आणि मागून मीटरची प्रोब (टोक) लावा. कपलर काढून मोजलं, तर गंजलेली वायरसुद्धा पूर्ण 12 व्होल्ट दाखवते. पंपाचा लोड आला की तीच 9 वर येते. मग दोष वायरिंगचा किंवा अर्थचा.

आवाज येतो, पण कात्रजचा घाट चढताना गाडी ओढत नाही? प्रेशर गेज लावा. साधारण 3 ते 4 बार हवं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. प्रेशर कमी असेल तर पंपाखालची जाळी कचऱ्याने भरलेली असू शकते. गाडी बंद केल्यावर काटा झरझर खाली आला, तर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे न जाऊ देणारा) किंवा गळका इंजेक्टर तपासा.

बदलायचाच ठरला तर टाकी पाव हिस्सा किंवा त्याहून कमी भरलेली असताना मोकळ्या हवेत काम करा. आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. मागची सीट काढून पंपाच्या झाकणाभोवतीची धूळ आधी साफ करा, नाहीतर ती सगळी टाकीत पडते. पंपाची पूर्ण असेंब्ली तिरकी करून काढा. फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याचा) दांडा वाकला की काटा कायम चुकीचं पेट्रोल दाखवतो. झाकणाची जुनी ओ-रिंग (रबरी रिंग) पेट्रोलने फुगलेली असते, ती परत बसवू नका. टाकीचा तळ पुसा. नुसती मोटर बदलत असाल तर प्लस-मायनस नीट बघा. उलटं जोडलं की मोटर फिरते, पण प्रेशर बनत नाही. स्पेअर पार्ट घ्यायला नाना पेठेत जाताना पार्ट नंबर लिहून न्या, अंदाजाने उचलू नका.

सीट बसवण्याआधी चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करून गळती बघा. गिऱ्हाइकाला एवढं जरूर सांगा: पंपाची मोटर पेट्रोलनेच थंड राहते, त्यामुळे गाडी रोज रिझर्व्हवर चालवू नका.