अँटिबायोटिक पेशींच्या डीएनएला इजा करतं का? तपासण्याची माझी पद्धत

लॅबमध्ये नवीन आलेलं प्रत्येक जण विचारतं, "मॅडम, एम्स टेस्ट लावली की झालं ना?" रसायनाने जिवाणूंच्या डीएनएत बदल, म्हणजे उत्परिवर्तन, होतं का ते ही टेस्ट बघते. इतर औषधांची सुरुवात तिथून होते, खरं आहे. पण एम्स टेस्ट जिवाणूंवर चालते, आणि आपलं औषध जिवाणू मारण्यासाठीच बनलेलं. प्लेटवर काही उरलंच नाही, तर उत्परिवर्तन मोजायचं कशात? म्हणून इथे मुख्य भिस्त सस्तन प्राण्यांच्या पेशींवर. मी सीएचओ पेशींवर (चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या) मायक्रोन्यूक्लियस चाचणी लावते, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४८७ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार. मायक्रोन्यूक्लियस म्हणजे गुणसूत्र तुटलं किंवा मागे राहिलं की मुख्य केंद्रकाबाहेर दिसणारं छोटं केंद्रक.

आधी स्वतःच्या मीडियमची, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाची, बाटली बघा. सवयीने आपण त्यात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घातलेलं असतं! तीही अँटिबायोटिकच. ते दोन-तीन पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाढवायच्या फेऱ्या) आधीच बंद करा आणि जंतू शिरू नयेत म्हणून हात जपून चालवा. मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे बारीक जिवाणू) तपासणीही उरकून घ्या. संसर्ग असेल आणि तुमचं औषध त्यावर लागू पडत असेल, तर कंट्रोलशी, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींशी, तुलनाच फसते.

आता औषध विरघळवणं. इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन पाण्यात नीट विरघळेना, म्हणून आम्लात विरघळवलं. मायक्रोन्यूक्लियस मात्रेबरोबर सुरेख वाढत गेले, मी खूश. मग जुन्या फ्लास्कचा फोटो बघितला: वरच्या मात्रांचं मीडियम गुलाबी नाही, चक्क पिवळं! पीएच घसरलेला, आणि नुसत्या घसरलेल्या पीएचनेही गुणसूत्रं तुटू शकतात. आठवडाभराचं काम कचऱ्यात. तेव्हापासून औषध घातल्यावर पीएच आणि ऑस्मोलॅलिटी (द्रवात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही. फ्लोरोक्विनोलोन, म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातलं औषध, असेल तर फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळा. ही औषधं उजेडात बिघडतात.

सर्वांत वरची मात्रा १० मिलिमोलर किंवा मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, यांतली जी कमी असेल ती. सिप्रोफ्लॉक्सासिनचा रेणुभार ३३१, त्यामुळे २ मिलिग्रॅमची मर्यादा आधी लागते. मात्र त्याआधीच पेशी मरू लागल्या, तर विषारीपणा ५५ टक्क्यांच्या आसपास येईल तिथे थांबा. त्यापलीकडे मरणाऱ्या पेशींचे तुकडेच मोजत बसाल.

प्रत्यक्ष काम सरळ आहे. ३ ते ६ तास औषध, एकदा यकृताच्या एस-९ मिश्रणासह (त्यातली विकरं औषधात शरीरातल्यासारखे बदल घडवतात), एकदा त्याच्याशिवाय. मग धुऊन ताजं मीडियम आणि सायटोकॅलासिन-बी, म्हणजे केंद्रक विभागलं तरी पेशी विभागत नाही. सुरुवातीपासून दीड ते दोन पेशीचक्रं झाली की पेशी काढा. एस-९शिवाय तेवढाच वेळ सलग औषध ठेवलेला तिसरा संच हवाच. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे डीएनएला नक्की इजा करणारं औषध, म्हणून एस-९शिवाय मायटोमायसिन-सी, एस-९सह सायक्लोफॉस्फामाइड. हे दोन चमकले नाहीत, तर बाकीच्या स्लाइड बघूच नका.

मोजणी मात्र वेळ खाते. प्रत्येक मात्रेला किमान २००० द्विकेंद्रकी पेशी, आणि स्लाइडवरची नावं दुसऱ्या कोणाकडून चिकटपट्टीने झाकून घेऊन. औषध माहीत असलं की डोळा हवं ते शोधतो, माझाही. खरा मायक्रोन्यूक्लियस गोल, कडा स्वच्छ, रंग मुख्य केंद्रकासारखा, व्यास त्याच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी. कणी चमकत असेल तर फोकस हलवून बघा, बहुतेक वेळा तो जिम्सा या रंगाचा कचरा निघतो.

निकाल पॉझिटिव्ह आला तर लगेच घाबरू नका. क्विनोलोन गटातली औषधं जिवाणूंचं गायरेज (डीएनएचा पीळ सांभाळणारं विकर) अडवतात. मात्रा खूप वाढवली की आपल्या पेशींतलं तसंच विकर, टोपोआयसोमरेज-२, सुद्धा अडतं आणि डीएनए तुटतो. म्हणून अहवालात, ज्या मात्रेला वाढ दिसली तिच्या शेजारीच रुग्णाच्या रक्तातली पातळी लिहा. सिप्रोफ्लॉक्सासिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर ती मिलिलिटरला साधारण २.४ मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. हे दोन आकडे मी नेहमी एकाच ओळीत ठेवते.