प्राचीन बौद्ध मंदिरांची निवड करताना या चुका टाळा

प्रवासाचे दिवस मोजके असतात आणि पाहण्याजोगी बौद्ध मंदिरे अनेक, त्यामुळे बहुतेक जण प्रसिद्ध छायाचित्रांवरून निवड करतात आणि प्रत्यक्ष तेथे गेल्यावर हिरमुसतात. जपानमधील क्योतोच्या सोनेरी किंकाकु-जी मंदिराच्या आत पर्यटकांना जाता येत नाही, ते तळ्याच्या काठावरूनच पाहायचे असते. शिवाय जुनी वास्तू १९५० मध्ये जाळली गेल्याने आज दिसते ती १९५५ साली पुन्हा उभारलेली आहे. ते दृश्य सुंदर आहे यात शंका नाही, परंतु ज्यांना खरोखर प्राचीन लाकूडकाम पाहायचे आहे त्यांनी नारा परिसरातील होर्यु-जीला जावे, कारण तेथील पाच मजली पॅगोडा जगातील सर्वांत जुन्या लाकडी वास्तूंमध्ये गणला जातो. मंदिराच्या स्थापनेचे साल आणि आजच्या इमारतीचे साल वेगळे असू शकते, हे निवड करण्यापूर्वीच तपासावे. नारामधील तोदाई-जीच्या महाबुद्धाची प्रतिष्ठापना ७५२ मध्ये झाली, पण मूर्तीवरील सध्याचे भव्य सभागृह १७०९ मध्ये पूर्ण झाले.

माझ्या मते याहून गंभीर चूक म्हणजे पूजा-उपासना चालू असलेले मंदिर आणि केवळ स्मारक म्हणून जपलेले स्थळ यांत फरक न करणे. बोधगयेचे महाबोधी मंदिर किंवा बुद्धाचा दात जपून ठेवलेले श्रीलंकेतील कँडीचे दंतधातू मंदिर ही श्रद्धाळूंची स्थाने आहेत. कँडीत रोज तीन वेळा पूजा होते. त्या वेळी गर्दी उसळते, पण दंतधातू ठेवलेल्या करंडकाच्या कक्षाचे दार उघडते तेही तेव्हाच, आणि प्रत्यक्ष दंतधातू मात्र तेव्हाही दिसत नाही. ज्याला शांतपणे कोरीवकाम न्याहाळायचे आहे त्याने पूजेच्या वेळा टाळाव्यात, आणि ज्याला जिवंत परंपरा अनुभवायची आहे त्याने नेमक्या त्याच वेळा गाठाव्यात.

इंडोनेशियातील बोरोबुदुरला गाभारा नाही, हे ठाऊक नसल्याने अनेक जण थेट माथ्यावरील स्तूपांकडे धाव घेतात. या नवव्या शतकातील वास्तूचे वैभव तिच्या सज्जांतील शिल्पपटांत आहे आणि ते प्रदक्षिणेच्या क्रमाने पाहिले तरच त्यांतील कथा उलगडतात, त्यामुळे एका तासात उरकण्याचे हे ठिकाणच नव्हे. माथ्यापर्यंत जाण्यासाठी वेगळे आणि मर्यादित संख्येचे तिकीट असते. ते न मिळाल्यास बेत बदलावा लागतो.

एकाच धाटणीची चार-पाच मंदिरे एका दिवसात कोंबली की शेवटचे मंदिर पाहताना मन थकलेले असते, म्हणून स्तूप, चैत्य (प्रार्थनागृह), विहार (भिक्षूंचे निवासस्थान) असे वेगवेगळे प्रकार निवडणे हिताचे ठरते. अजिंठ्यात चैत्य आणि विहार दोन्ही पाहता येतात. वेळ कमी असेल तर चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ या लेण्यांना, तर चैत्यासाठी १९ किंवा २६ क्रमांकाला प्राधान्य द्यावे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, त्यामुळे दोन्ही जोडून पाहायची असल्यास वार आधी जुळवावेत.

मुख्य वास्तूभोवती दुरुस्तीची परांची बांधलेली आढळली, तर प्रवास वाया गेला असे समजून परत फिरू नये, कारण अशा परिसरात अनेकदा संग्रहालय किंवा छोटी उपमंदिरे खुली असतात. पोशाखाच्या बाबतीत मात्र ऐनवेळी तोडगा निघेलच असे नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालूनच निघावे, आणि श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे अनादराचे मानले जाते, हेही ध्यानात ठेवावे.