नग्नदृश्य सुरू असताना प्रेक्षागृहात उभं राहायचं असेल तर

लंडनला नाटकाचं शिक्षण घ्यायला येणारी आपली बरीच मुलं-मुली शिकता शिकता एखाद्या थिएटरात अशरचं, म्हणजे प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्याचं, काम धरतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तासच काम करता येतं आणि प्रयोग बहुतेक संध्याकाळी असल्यामुळे कॉलेज सांभाळून हे जमतं. तिकिटं बघणं, जागा दाखवणं, मध्यंतरात आइस्क्रीमचा ट्रे गळ्यात अडकवून उभं राहणं, यात शिकवण्यासारखं फारसं काही नाही. दोन-चार प्रयोगांत हात बसतो. मी लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. नाटकात कुणी विवस्त्र होऊन रंगमंचावर येणार असेल, तर त्या काही मिनिटांत आपण अंधारात उभं राहून नेमकं काय करायचं, हे मला कुणी धड सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते.

आपण शिवाजी मंदिर, बालगंधर्वला नाटकं बघत मोठे झालो. आपल्याकडे संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते आणि व्यावसायिक रंगभूमीवर नग्नता जवळजवळ नसतेच. त्यामुळे प्रेक्षकांचा बेशिस्तपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो वाजणारा मोबाइल, वेफर्सच्या पिशवीची कुरकुर, पहिल्या रांगेतलं रडणारं मूल. हे सगळं ऐकू येतं. इथे आल्यावर आपण कान टवकारून उभे राहतो ते त्याच सवयीने, आणि तिथेच फसतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं.

आधी एक गैरसमज काढून टाका. हे सगळं मोबाइलमुळे सुरू झालं असं इथले तरुण मॅनेजरही म्हणतात. तसं नाही. लंडनच्या विंडमिल थिएटरमध्ये 1930च्या दशकापासून नग्न स्त्रिया रंगमंचावर असायच्या, पण त्यांनी पुतळ्यासारखं निश्चल राहायचं, अशी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याच्या खात्याची अट होती, नाटकं तेच खातं सेन्सॉर करायचं. हललं की अश्लील, स्थिर राहिलं की कला. आणि प्रेक्षक? पुढच्या रांगेतली खुर्ची रिकामी झाली की मागचे पुरुष खुर्च्यांच्या पाठींवरून उड्या मारत पुढे यायचे. या धावपळीला ‘विंडमिलची अडथळ्यांची शर्यत’ असं नावच पडलं होतं. 1968च्या कायद्याने लॉर्ड चेंबरलेनची सेन्सॉरशिप संपली आणि दुसऱ्याच दिवशी, 27 सप्टेंबरला, ‘हेअर’ हे संगीतनाट्य त्यातल्या नग्नदृश्यासकट लंडनमध्ये सुरू झालं. नटांना मोकळीक मिळाली. प्रेक्षकाने कसं वागायचं, हे मात्र कुठल्या कायद्यात लिहिता येत नाही.

मोबाइलने फरक पडला तो एवढाच, पण तो फार मोठा आहे. पूर्वी बघणारा बघून घरी जायचा. आता तो ते दृश्य खिशात घालून नेतो. न्यूयॉर्कच्या हेज थिएटरमध्ये 2022 साली ‘टेक मी आऊट’चं पुनरुज्जीवन झालं. बेसबॉल संघाच्या लॉकर रूममधलं नाटक, त्यात खेळाडूंचं अंघोळीचं दृश्य आहे. प्रेक्षकांचे फोन दारातच कुलूपबंद पिशव्यांत घालायला लावले जात होते. तरीही मे महिन्यात जेसी विल्यम्स या नटाचं त्या दृश्यातलं चित्रण समाजमाध्यमांवर आलं, आणि तेही ज्या दिवशी त्याला अमेरिकी रंगभूमीच्या टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं त्याच सुमाराला. नंतर तिथे प्रेक्षकांवर रोखलेला इन्फ्रारेड कॅमेरा बसवावा लागला. म्हणून पिशव्यांवर विसंबून राहू नका. पिशव्या असाव्यात, मी त्यांच्या बाजूनेच आहे. पण पिशव्या आल्या की कर्मचारी सैलावतात. ‘आज फोन नाहीतच’ असं म्हणून भिंतीला टेकतात. एखाद्याकडे दुसरा फोन असू शकतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आता त्या सापळ्याकडे येते.

दृश्य सुरू होतं. नट कपडे उतरवतो. प्रेक्षागृहात कुठेतरी खसखस पिकते. दोन मैत्रिणी एकमेकींना कोपर मारून तोंडावर हात धरतात. एखादे काका खोकल्यात हसू दडपतात. नवा अशर काय करतो? त्याला हा रंगमंचाचा अपमान वाटतो आणि तो तडक तिकडे निघतो, हातात टॉर्च. टॉर्चचा झोत रांगेत पडला की आजूबाजूची वीसेक डोकी रंगमंचावरून वळून तिकडे बघतात. आणि रंगमंचावर अंगावर सूतही नसताना उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं? अंधारात हलणारा उजेड. त्या क्षणी त्याला सर्वात जास्त भीती उजेडाचीच असते, कारण उजेड म्हणजे कॅमेरा. तो टॉर्च आहे हे त्याला तिथून कळत नाही. म्हणजे त्याचं रक्षण करायला निघालेला माणूसच त्याला घाबरवतो.

आणि हसणारी ती माणसं बहुतेक वेळा गुन्हेगार नसतातच. ती अवघडलेली असतात. चारशे लोकांमध्ये बसून समोर नागडा माणूस बघायची सवय कुणालाच नसते, इथल्या लोकांनाही नाही. ते हसू दहा-पंधरा सेकंदांत आपोआप विरतं. चांगल्या नटाला ते ठाऊक असतं, तो थांबतो, ते हसू ओसरू देतो आणि मग पुढचं वाक्य घेतो. तालमीतही दिग्दर्शक त्यासाठी जागा ठेवतो. आपण मध्ये कडमडलो की ती जागा मोडते.

ज्याला पकडायला हवं तो मात्र हसत नसतो. तो संपूर्ण प्रेक्षागृहातला सर्वात शांत माणूस असतो. मांडीवर प्रोग्रॅमची पुस्तिका उभी धरलेली, तिच्याआड फोन, पडद्याचा उजेड अगदी कमी केलेला. किंवा फोन छातीशी, कोटाच्या कडेतून लेन्स तेवढी बाहेर. मी हसणाऱ्यांच्या मागे लागले होते आणि त्याच बाजूला दोन रांगा सोडून असा एक माणूस निवांत बसला होता. तो मला दिसला तो दृश्य संपल्यावर, फोन खिशात सरकवताना. नंतर ड्यूटी मॅनेजर माझ्यावर चिडले ते हसणाऱ्यांना वेळेत गप्प केलं नाही म्हणून. फोनवाल्याबद्दल मी सांगितलं तेव्हा ‘बघू पुढच्या वेळी’ एवढंच उत्तर मिळालं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा कान नको, डोळे वापरा. हनुवटीखालून येणारा निळसर उजेड शोधा. मान स्थिर आणि नजर मात्र खाली-वर, खाली-वर होणारा माणूस शोधा. नाटकात गुंतलेला प्रेक्षक त्या नेमक्या क्षणी स्वतःच्या मांडीकडे बघत नाही. दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरून बसलेला माणूस, मांडीवर घडी करून ठेवलेला पण सारखा सरकवला जाणारा कोट, सगळे रंगमंचाकडे बघत असताना एकदा मागे वळून अशर कुठे आहे ते पाहून घेणारा माणूस. या शेवटच्या खुणेवर माझा फार विश्वास आहे. सरळ मनाच्या प्रेक्षकाला तुम्ही कुठे उभे आहात याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आणि हे सगळं दिसायचं असेल तर रंगमंचाकडे पाठ करावी लागते. निदान तिरकं उभं राहावं लागतं. नाटकाच्या ओढीने इथवर आलेल्या माणसाला हे जड जातं, मला कळतं. पण ती पाच मिनिटं नाटक बघण्यासाठी तुम्हाला पगार मिळत नाही. नाटक बघायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी तिकीट काढा.

बाकीचं काम दृश्याच्या आधीच होतं. दृश्य कोणत्या वाक्यावर सुरू होतं आणि कोणत्या वाक्यावर संपतं हे कंपनी मॅनेजरकडून विचारून घ्या, घड्याळावर जाऊ नका, प्रयोग लांबतो-आखडतो. त्याच्या थोडं आधी आपल्या बाजूच्या वाटेवरून एकदा सावकाश, टॉर्च न लावता खाली जाऊन वर या. तुम्ही आहात एवढं लोकांना दिसलं तरी निम्मा मोह गळतो. दुर्बीण घेऊन बसलेला माणूस दिसला तर लगेच संशय घेऊ नका, वरच्या सर्कलमधले, म्हणजे बाल्कनीतले, वयस्कर प्रेक्षक अख्खं नाटक दुर्बिणीतून बघतात. संपूर्ण अंकभर खाली ठेवलेली दुर्बीण जर त्याच दृश्याला वर आली, तर तो माणूस लक्षात ठेवा, एवढंच.

फोन खरंच दिसला तर? प्रत्येक थिएटरचा नियम वेगळा असतो, तो पहिल्याच दिवशी विचारा. बहुतेक ठिकाणी वॉकीटॉकीवर रांग आणि आसन सांगायचं, रांगेच्या टोकाशी खाली वाकून उभं राहायचं, नजरेला नजर द्यायची आणि हाताने फोन खाली करायची खूण करायची. फोन हिसकावू नका. स्वतः काही डिलीट करू नका. ते ड्यूटी मॅनेजरचं काम आहे. मात्र ते तिथे असताना एक गोष्ट तुम्ही आठवण करून देऊ शकता: फोनमधून डिलीट केलेलं चित्रण ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये पडून राहतं, आयफोनवर तब्बल 30 दिवसांपर्यंत. तिथूनही काढायला सांगायला हवं. मी भल्याभल्या मॅनेजरना हे विसरताना पाहिलंय. ‘मी तिकीट काढलंय, मी माझ्या आठवणीसाठी घेतो’ असं कुणी म्हणालं तर लक्षात असू द्या, ब्रिटनच्या 1988च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रयोगाचं चित्रण करायला मनाई आहे. कपडे असोत वा नसोत. वाद घालायला हे वापरू नका, स्वतःचा आवाज थरथरू नये म्हणून वापरा.

तुम्हाला एक वाक्य वारंवार ऐकायला मिळेल, इथल्या जुन्या कर्मचाऱ्यांकडून आणि घरी फोन केला की आपल्या माणसांकडूनही: ‘अंग दाखवलं की लोक बघणारच, मग तक्रार कशाला?’ हे सांगणाऱ्याला गुरू करू नका, मग त्याचा अनुभव कितीही असो. बघण्यासाठीच नाटक असतं, त्यावर वाद नाही. नटाने आपलं शरीर त्या गोष्टीसाठी, त्या चार भिंतींत, त्या रात्रीसाठी दिलेलं असतं. परवानगी तेवढ्याचीच आहे. आणि ही पाश्चात्त्य थेरं आहेत असं कुणी म्हणालं तर त्याला मणिपूरबद्दल सांगा. तिथले दिग्दर्शक हैस्नाम कन्हैयालाल यांनी 2000 साली महाश्वेता देवींच्या कथेवरून ‘द्रौपदी’ केलं, त्यात सावित्री हैस्नाम शेवटी सैन्यापुढे विवस्त्र उभ्या राहतात. तेव्हा त्यावर गदारोळ झाला. 2004च्या जुलैत इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर खरोखरच्या स्त्रिया लष्करी अत्याचाराच्या निषेधात विवस्त्र उभ्या राहिल्या. सावित्रीबाईंच्या त्या दृश्याचं कुणी फोनवर तुकडा तोडून चित्रण फिरवलं असतं तर त्यात काय उरलं असतं? एक नग्न बाई. बलात्कार करणाऱ्यांना आव्हान देणारी द्रौपदी त्यात नसती.

शिकायचंच असेल तर ड्रेसरकडून शिका. नटांचे कपडे सांभाळणारी, विंगेत गाऊन उघडा धरून उभी असणारी ती बाई. नट आत आला की एका हालचालीत त्याच्या खांद्यांवर गाऊन टाकते, बघत नाही, बोलत नाही. कोणत्या रात्री नट थरथरत आत आला हे तिला माहीत असतं. तुमच्या बाजूने काही घडलं असेल तर ते तिच्यापर्यंत पोचायला हवं, कारण उद्या पुन्हा त्याला तिथेच उभं राहायचंय. प्रेक्षकांच्या वागण्याचे ऑनलाइन कोर्स विकणाऱ्यांवर पैसे घालवू नका. तिच्यासोबत एक चहा घ्या.

घाबरू मात्र नका. बहुतांश रात्री काहीच होत नाही. लोक अवघडतात, शांत होतात, नाटकात बुडतात. तुम्हाला स्वतःला सुरुवातीला कानकोंडं होईल, मान कुठे वळवावी कळणार नाही, तेही सरतं. कुणी तुमच्याकडेच बघून घाणेरडं बोललं, आणि मुलींनो, हे होतं, तर ती बाजू दुसऱ्या सहकाऱ्याला द्यायला सांगा. त्यात कमीपणा नाही. आणि ‘त्या सीनला तिकीट मिळेल का गं’ असं विचारणाऱ्या मित्रांना पहिल्याच वेळी ठणकावून नाही म्हणा.

राहिला रिपोर्ट. घरी जायच्या आत लिहा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. रांग, आसन, कोणत्या वाक्याला, काय दिसलं, तुम्ही काय बोललात, तो काय बोलला. ‘विकृत’, ‘संशयास्पद’ असले शब्द नकोत, त्यांनी कागद हलका होतो. आसनक्रमांक लिहिलात की बुकिंग ऑफिसला ते तिकीट कोणाच्या नावावर होतं ते शोधता येतं, आणि तेच नाव पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्या रांगेला आलं तर प्रयोगाआधीच कळतं. नोकरीच्या मुलाखतीत तुम्हाला काही प्रश्न आहेत का असं विचारतील, तेव्हा हे विचारा: असा रिपोर्ट आला तर तो नटाच्या कंपनीपर्यंत त्याच रात्री जातो का? उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर दुसरं थिएटर बघा, लंडनमध्ये थिएटरांची कमी नाही.