रोजच्या कामालाच साधना कसे करावे

घरातली कामे उरकल्यावर साधनेला बसू, असे म्हणणाऱ्याची साधना बहुधा उद्यावर जाते, कारण घरातली कामे कधीच संपत नाहीत. म्हणून कामातच साधना शोधण्याची वाट अनेक परंपरांनी धरली आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंनी दळणकांडण करताना विठ्ठलाची सोबत अनुभवली. सहाव्या शतकात ख्रिस्ती संत बेनेडिक्ट यांनी मठातली साधी भांडीसुद्धा वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळावीत असा नियम घालून दिला. आणि जपानमधील झेन बौद्ध गुरू दोगेन यांनी १२३७ साली मठातल्या स्वयंपाक्यासाठी त्याच्या कामालाच साधना मानणारे मार्गदर्शन लिहिले.

आरंभी एकच काम निवडावे, तेही रोजचे आणि थोड्या वेळात पुरे होणारे. सगळा दिवस पवित्र करण्याचा संकल्प फार काळ टिकत नाही. भांडी घासण्याचे काम मला यासाठी सर्वांत योग्य वाटते. सुरुवातीला क्षणभर थांबून हे काम कोणासाठी आहे ते आठवावे. ईश्वर मानणाऱ्याने ते त्याला अर्पण करावे, न मानणाऱ्याने उद्या याच भांड्यांत जेवणाऱ्या माणसांचे चेहरे डोळ्यांपुढे आणावेत. मग भांड्याचा ओशटपणा बोटांना जाणवू द्यावा, काठाखाली अडकलेले खरकटे नजरेने शोधावे, घासणी फिरवताना हाताचा जोर कुठे उगाच वाढतो ते पाहावे, आणि धुतल्यावर आतून बोट फिरवून स्वच्छतेची खात्री झाली की मगच भांडे पालथे घालावे.

मन मध्येच कालच्या बोलण्याकडे धावेल. त्यावर न चिडता हातातल्या भांड्याकडे परत यावे; हे पुनःपुन्हा परत येणे हाच या साधनेचा गाभा आहे. नामस्मरण करायचे असेल तर ते हाताच्या लयीला जोडावे. कानात मात्र काहीही लावू नये, अगदी प्रवचनसुद्धा नाही, कारण त्याने काम सुसह्य होते पण लक्ष कामातून निघून जाते.

इथे एक इशारा आवश्यक आहे. घराचा सगळा भार एकाच व्यक्तीवर पडत असेल, तर तिचा संताप हा साधनेतला अडथळा नसून ती रास्त तक्रार आहे, आणि सेवाभावाचे नाव देऊन ती दडपणे हा अन्याय आहे. अशा घरात आधी कामांची वाटणी करावी, मगच त्यांच्या आध्यात्मिक अर्थाविषयी बोलावे.

पहिले काम अंगवळणी पडले की दुसरे निवडावे, आणि ते शक्यतो नावडते असावे. ते टाळावेसे वाटते तेव्हा नेमके काय खुपते, घाण, कंटाळा की कोणी दखल घेत नाही ही सल, हे काम करता करताच स्वतःला विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तरी काम पूर्ण करून साधने जागच्या जागी ठेवावीत.